तात्यांची तब्येत

मी मराठीचा अध्यापक. बेडकाशी माझा संबंध आला तो बहुतेक भाषेपुरताच. पाठ्यपुस्तकाबाहेर डोकावायला तयार नसलेल्या विद्यार्थ्याला मी कूपमंडूक म्हणतो. व्याकरणाचा तास असला की मंडूकप्लुती समजावून देतो : एका सूत्रातला शब्द मधली सूत्रे ओलांडून पुढच्या एखाद्या सूत्रात जाऊन बसतो, बेडकासारखी उडी मारतो, म्हणून ती मंडूकप्लुती. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातले मंडूकसूक्त निघाले, आणि पहिल्या पावसानंतर ओरडणाऱ्या बेडकांना तिथे मंत्र म्हणणाऱ्या ब्राह्मणांची उपमा दिली आहे असे सांगितले, की मागच्या बाकांवरही जाग येते. यात तालमीतल्या पोरांच्या दंडावरच्या बेडकुळ्या आणि गोष्टीतली फुगून फुटलेली बेडकी मिळवली, की माझे मंडूकज्ञान संपले.

नाही म्हणायला कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी शास्त्र शाखेत होतो. तेव्हा मेणाच्या तबकात टाचण्यांनी खिळलेला एक बेडूक माझ्या वाट्याला आला होता. त्याच्या हृदयाला तीन कप्पे असतात एवढे मी पाहिले, वहीत आकृती काढली, आणि पुढच्या वर्षी कला शाखेत गेलो. जिवंत बेडकाची प्रकृती हा विचार करण्याचा विषय असू शकतो, हे तेव्हा कोणी सांगितले असते तर मी हसलोच असतो.

ते मला शिकवले माझ्या अकरा वर्षांच्या भाचीने. २०२४ च्या दिवाळीच्या सुटीत मी माझ्या ताईकडे सिडनीला गेलो होतो. ताई आणि भावोजी तिकडे गेली पुष्कळ वर्षे आहेत. भाची, ईशा, तिथेच जन्मलेली. घरात पाऊल टाकतो तोच पोरीने माझा हात धरला आणि म्हणाली, "मामा, आधी तात्यांना भेट. पण हात लावायचा नाही हं!"

मला वाटले, भावोजींच्या घरचे कोणी वडीलधारे आजारी असावेत. मी घाईघाईने शर्टाची बटणे लावली. खोलीत गेलो तर काचेच्या एका उंच पेटीत, फांदीवर, पाय पोटाखाली घेऊन एक हिरवागार बेडूक बसला होता. तळहाताएवढा. डोळे अर्धे मिटलेले, तोंडावर कायमचे मंद हसू, आणि गळ्याखाली एक समाधानी वळी. आमच्या आजोबांचे धाकटे भाऊ जेवण झाल्यावर ओटीवर अगदी असेच बसत. ताईने त्याला तात्या हे नाव ठेवले ते उगीच नाही. नावच असे असल्यामुळे घरात कोणी त्याला अरेतुरे करीत नसे. मीही यापुढे करणार नाही.

तात्या हे ऑस्ट्रेलियातले हिरवे वृक्षमंडूक. तिकडे घराच्या मोरीत, टपालपेटीत, पावसाच्या पन्हळीत ही मंडळी आपण होऊन येऊन राहतात. पण पाळायचे म्हटले तर कायद्याने परवाना लागतो. रानातला बेडूक उचलून आणता येत नाही. तात्यांचा परवाना ताईच्या नावे आहे. या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन १७९० साली छापले गेले, आणि तेही एका डॉक्टराने केलेले. इंग्रजांचा पहिला काफिला १७८८ साली सिडनीला पोहोचला, त्याच्याबरोबर आलेले जॉन व्हाइट हे शल्यवैद्य. गंमत म्हणजे त्यांनी या हिरव्या बेडकाला निळा म्हटले. त्याच्या कातडीतला पिवळा रंग मद्यार्कात विरघळतो आणि मागे निळी छटा उरते. बेडकाचे रूप तो कशात बुडला आहे त्यावर ठरते, हा धडा म्हणजे पहिल्याच दिवशी पाटीवर लिहून ठेवला होता. माझ्या तो ध्यानात यायला पंधरा दिवस लागले.

ईशाची वही

ईशाने एक वही घातली होती. तात्यांनी कधी खाल्ले, किती खाल्ले, शी कधी केली, पेटीत किती अंश उष्णता होती, सगळे त्यात. मराठीच्या अध्यापकाला ती वही दाखवताना तिला जरा अभिमान वाटत होता, कारण तात्यांचे रकाने तिने मराठीत लिहिले होते. 'पाणी बदललं' हे 'पाणि बदल्ल' असे लिहिले होते; पण पाणी रोज बदलले होते.

"मामा, तात्या पाणी पीत नाहीत, माहीत आहे तुला?"

"मग जगतात कसे?"

"बसतात आणि पितात!"

ही थट्टा नव्हती. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. त्याच्या पोटाखाली आणि मांड्यांजवळ कातडीचा एक भाग असा असतो की ओल्या जागी नुसते बसले की पाणी आत शोषले जाते. श्वासदेखील तो काही प्रमाणात कातडीतूनच घेतो. आपले कातडे म्हणजे भिंत; बेडकाचे कातडे म्हणजे उघडे दार. पाण्यात जे असेल ते त्याच्या रक्तात जाणार. म्हणून नळाचे पाणी जसेच्या तसे चालत नाही. त्यातले साधे क्लोरीन रात्रभर ठेवल्यावर बरेचसे उडून जाते. पण कित्येक शहरांत पाण्यात क्लोरामीन घालतात, ते असे सहजी जात नाही. त्यासाठी बाजारात मिळणारे थेंब टाकावे लागतात. पाणी बदलले नाही तर बेडकाच्या स्वतःच्याच विष्ठेतून निर्माण होणारा अमोनिया पुन्हा त्याच्या अंगात शिरतो. पाळलेल्या बेडकांची निम्मी दुखणी पाण्याच्या भांड्यात उगवतात, असे मी पुढे ऐकले, आणि ते मला पटले.

बाकीची बरीचशी दुखणी ताटात उगवतात. तात्या रातकिडे आणि झुरळे खातात. घास गिळताना त्यांचे डोळे आत ओढले जातात आणि टाळूच्या बाजूने घास घशाकडे ढकलतात. जेवताना डोळे मिटून घेण्याइतकी तन्मयता मी माणसांत क्वचितच पाहिली आहे. पण नुसत्या रातकिड्यांवर बेडूक नीट वाढत नाही. किड्यांत कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त असतो. तो हिशेब बिघडला की शरीर हाडांतले कॅल्शियम काढून वापरू लागते. मग जबडा मऊ पडतो, पाय वाकडे होतात, बोटे थरथरतात, उडी चुकते. यावर उपाय सोपा : किड्यांना आधी चांगले खाऊ घालायचे, त्यांना कॅल्शियमची भुकटी लावायची, आणि पेटीत अतिनील किरणांचा सौम्य दिवा ठेवायचा. वाकलेले हाड मात्र सहसा पुन्हा सरळ होत नाही. 'अ' जीवनसत्त्व कमी पडले तर आणखी एक चमत्कारिक दुखणे होते. जिभेचा चिकटपणा जातो. समोर किडा असतो, बेडूक नेम धरतो, जीभ फेकतो, आणि किडा तसाच राहतो. पाहणाऱ्याला वाटते, याची भूकच मेली.

खाली बारीक खडी पसरली तर घासाबरोबर खडाही पोटात जातो आणि आतडे तुंबते. पेटी घाणेरडी, थंड किंवा गर्दीची असली तर मांड्यांच्या आतल्या बाजूला लाली चढते. त्याला तिकडे 'लाल पाय' असेच म्हणतात. नाव पोरकट, पण ती रक्तात जंतू पसरल्याची खूण असू शकते. ती दिसल्यावर थांबायचे नसते.

हे सगळे मला अकरा वर्षांची पोर सांगत होती, आणि मी परीक्षेला बसणाऱ्या मुलासारखी मान हलवीत होतो. म्हणजे ऐकत नव्हतो.

माझा पाहुणचार

आपल्याकडे प्रेम दाखवायची एक ठरलेली रीत आहे. ताटात वाढायचे. पाहुणा नको म्हणाला की आणखी वाढायचे. तात्यांना आठवड्यातून दोनतीनदा मोजके किडे मिळत. दिवाळीत घरात चकल्या, अनारसे, चिवडा यांचे डबे भरलेले, आणि हे वृद्ध गृहस्थ काचेमागे उपाशी बसलेले, हे मला बघवेना. ईशा शाळेत गेली की मी चिमट्याने एखादा रातकिडा आत सोडी. तात्या नको कधीच म्हणत नसत. ही जात तशीच आहे. समोर हलेल ते गिळते. त्यामुळे पाळलेले तात्या लठ्ठ होतात, डोळ्यांवरच्या वळ्या लोंबू लागतात, आणि चरबीचे अन्न फार झाले तर कधी कधी डोळ्यांच्या बुबुळावरही पांढुरका थर धरतो.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ताईने अंगणात पणत्या मांडायला सांगितल्या. तिकडे तेव्हा वसंत संपत आलेला असतो आणि संध्याकाळी डास असतात. मी हातापायांना डासांचे मलम चोपडले, पणत्या लावल्या, आणि वात आणायला आत आलो. जाता जाता तात्यांच्या खोलीत डोकावलो, आणि माझे पाय थिजले.

तात्या तोंड उघडून मिटत होते. पाठ कुबडी झाली होती. पुढच्या पायांनी ते तोंडाशी झटत होते. ओठांच्या कडेला काहीतरी पातळ, पारदर्शक लोंबत होते. दुपारीच मी त्यांना नेहमीपेक्षा मोठा रातकिडा दिला होता. माझी खात्री झाली : घास अडकला. मी झाकण काढले, तात्यांना उचलले, एका हाताने धरून दुसऱ्या हाताने त्यांच्या तोंडात काही दिसते का ते पाहू लागलो. त्यांनी माझ्या मनगटावर पाय रोवून सुटायची धडपड केली. काही दिसले नाही. मी त्यांना परत फांदीवर ठेवले आणि कोणाला काही न सांगता बाहेर गेलो.

त्यांना काहीसुद्धा झाले नव्हते. ते कात टाकीत होते. बेडूक दर थोड्या दिवसांनी आपले जुने कातडे सोडवतो, तोंडाशी ओढून आणतो आणि खाऊन टाकतो. वहीत 'कात' असा एक रकाना होता. मी तो वाचला नव्हता.

फोनवरचा प्रश्न

रात्री नऊच्या पुढे ईशाची हाक आली. आम्ही सगळे धावलो. तात्या तळाशी पडले होते. मागचे पाय लांब पसरलेले, अंगावर नेहमीपेक्षा जास्त चिकट थर, आणि बोटांना मधूनमधून झटके येत होते. ईशा रडत नव्हती. तिने आईला वहीतला एक नंबर दाखवला. रात्रीच्या वेळी प्राण्यांच्या डॉक्टरांचा होता तो. ताईने फोन सर्वांना ऐकू येईल असा लावला.

पलीकडून एक डॉक्टरबाई बोलत होत्या. शांत आवाज. त्यांनी ताप आहे का, खोकला आहे का, असे काही विचारले नाही. त्यांनी विचारले : आज पेटीत नवीन काय आले? पाणी कोणते? जवळपास फवारणी, उदबत्ती, रंग? आणि शेवटी : आज त्याला कोणी हातात घेतले होते का, आणि त्या हाताला काय लागले होते?

ईशा म्हणाली, "कोणीच नाही. आमच्याकडे कोणी हात लावत नाही."

मी तिच्या मागे उभा होतो. हात पाठीमागे. वाचकहो, मी गेली अठरा वर्षे शिकवतो आहे. दरवर्षी परीक्षेत नक्कल करताना सापडलेल्या एखाद्या पोराला मी बाजूला घेऊन सांगतो की, चूक मोठी नसते, लपवणे मोठे असते. त्या वेळी माझ्या मनात पहिला विचार आला तो हा : कदाचित दुसऱ्याच कारणाने झाले असेल. दुसरा विचार आला : बोललो तर ही पोर माझ्याकडे कशी बघेल? दोन्ही विचारांना फार तर पाच सेकंद लागली असतील. तेवढ्यात तात्यांचा पाय पुन्हा झटकला.

"मी घेतलं होतं," मी म्हणालो. "हाताला डासांचं मलम होतं."

ईशाने मागे वळून पाहिले. काही बोलली नाही. ताईने ते इंग्रजीत सांगितले. डॉक्टरबाईंनी मला दोष दिला नाही. उलट, बरे झाले सांगितले, आता काय करायचे ते कळले, असे म्हणाल्या. क्लोरीन काढलेले, खोलीइतक्याच उष्णतेचे पाणी घ्या. ओले, पावडर नसलेले हातमोजे घाला. अंगावरून पाणी हलके सोडा. मग उथळ पाण्यात ठेवा, नाक वर राहील एवढेच पाणी, आणि ते पुन्हा पुन्हा बदला. घरातले कुठलेही मलम लावू नका. माणसांच्या काही मलमांत बधिर करणारे औषध असते, ते बेडकाच्या जिवावर बेतते. सकाळी घेऊन या.

ती रात्र आम्ही न्हाणीघरात काढली. ताई पाणी तयार करीत होती, भावोजी भांडी विसळून देत होते, ईशा मोजे घालून तात्यांना धरीत होती. मला कोणी काम सांगितले नाही. बाहेर पणत्या एकेक करून विझल्या. पहाटे तीनच्या सुमाराला झटके थांबले. तात्यांनी एक मागचा पाय पोटाखाली ओढून घेतला. ईशा म्हणाली, "एक पाय आला." ती रात्रभरात एवढेच बोलली.

दवाखान्यात

सकाळी त्याच डॉक्टरबाईंनी तात्यांना पाहिले. आधी दुरून पाहिले, बराच वेळ. बेडूक हातात घेतला की त्याचे खरे हाल दिसेनासे होतात, असे त्या म्हणाल्या. मग वजन केले, मांड्या पाहिल्या, जबडा चाचपला, विष्ठा तपासायला ठेवली, आणि कापसाच्या बोळ्याने पोट आणि बोटे पुसून एक नमुना घेतला. तो एका बुरशीच्या तपासणीसाठी होता.

ही बुरशी म्हणजे बेडकांची महामारी. १९९८ साली शास्त्रज्ञांनी तिचा बेडकांच्या मरणाशी असलेला संबंध दाखवला, आणि पुढच्या वर्षी तिला नाव मिळाले. २०१९ च्या एका अभ्यासाने तिच्यामुळे उभयचरांच्या किमान ५०१ जाती घटल्या आणि त्यांतल्या ९० जाती नाहीशा झाल्या असाव्यात, असा हिशेब मांडला. ती बेडकाच्या कातडीत वाढते. नुसत्या कातडीच्या रोगाने जीव कसा जातो, हे बराच काळ कोडे होते. २००९ साली ते सुटले, आणि ते तात्यांच्याच जातीच्या बेडकांवर अभ्यास करून सुटले. कातडीतून क्षारांची जी देवघेव चालते ती ही बुरशी बंद पाडते. रक्तातले सोडियम आणि पोटॅशियम उतरते, आणि शेवटी हृदय थांबते. दार बिघडले की घर बुडाले.

सह्याद्रीतल्या बेडकांवरही ही बुरशी आढळली आहे. मात्र ऑस्ट्रेलियातल्यासारखी मरतूक आपल्याकडे नोंदलेली नाही. तिला उष्णता सोसत नाही. २०२४ मध्येच सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातल्या संशोधकांनी भोकांच्या विटा काळ्या रंगवून छोट्या हरितगृहात रचल्या. हिरव्या-सोनेरी जातीचे बेडूक थंडीत त्या विटांच्या भोकांत जाऊन शेकत बसले आणि बुरशीतून बरे झाले. एवढ्या मोठ्या संकटावर विटांची शेगडी! ईशाला हे ठाऊक होते. मला सांगायला मात्र ती तयार नव्हती, डॉक्टरबाईंनी सांगितले.

तात्यांच्या नमुन्यात ती बुरशी निघाली नाही. हाडे चांगली होती. वजन जास्त होते. "गेल्या दोन आठवड्यांत वाढलं का?" त्यांनी विचारले. या खेपेला मी विचार करायला थांबलो नाही.

निघताना त्यांनी ईशाची वही चाळली. बेडूक ओरडून दुखणे सांगत नाही, त्याची भाषा म्हणजे ही वही, असे त्या तिला म्हणाल्या. मला म्हणाल्या, हात दोनदा धुवायचे : बेडकाला लावण्याआधी त्याच्यासाठी, आणि साबणाचा अंशही राहू द्यायचा नाही, लावल्यानंतर आपल्यासाठी, कारण त्याच्या अंगावरच्या साल्मोनेला जंतूंनी माणूस आजारी पडू शकतो. आणि खरे तर, लावायचाच कशाला?

एक रकाना

तात्या आठ दिवस काही खात नव्हते. बेडकाला उपास सोसतो, काळजी करू नका, असे डॉक्टरबाईंनी सांगितले होते. तरी त्या आठ दिवसांत मला चकली गोड लागली नाही. ईशा माझ्याशी जरुरीपुरतेच बोले. नवव्या दिवशी संध्याकाळी मी दारातून पाहत होतो. तात्या फांदीवर होते. ईशाने रातकिडा सोडला. तात्यांनी मान एवढीशी वळवली, जीभ सुटली, डोळे आत गेले, आणि वर आले.

ईशा वही घेऊन माझ्याकडे आली. "तू लिही," ती म्हणाली. "तुझं अक्षर चांगलं आहे."

मी तारीख घातली आणि लिहिले : एक रातकिडा, मध्यम. तिने वाचले. मग पेन्सिल घेऊन मागची पाने उलटली, लक्ष्मीपूजनाच्या तारखेवर आली आणि रिकाम्या रकान्यावर बोट ठेवले. तिथेही मी लिहिले. मामाने उचलले, हाताला डासांचे मलम. त्याच्या आधीच्या दिवसांत चोरून दिलेले रातकिडेही आठवतील तसे लिहिले. तिने एका ठिकाणी माझी वेलांटी तपासली आणि वही मिटली.

मी परत आलो. आमच्या घरामागच्या डबक्यात यंदाही पहिल्या पावसानंतर बेडूक ओरडले. शेजारच्या पोराने एक पकडून बरणीत आणला, मला दाखवायला. मी त्याला मंडूकसूक्त सांगितले नाही. हात धुवून आलास का, ते विचारले, आणि दोघे मिळून त्याला डबक्यावर सोडून आलो. ज्याचे पाणी, वारा, ऊन आपल्याला सांभाळता येणार नाही, त्याला घरी आणू नये. आणलेच, तर आधी वही घालावी.

ईशा दर रविवारी तात्यांच्या वहीचे पान मला पाठवते. गेल्या रविवारच्या पानावर वजन आहे, उष्णता आहे, आणि खाली एक ओळ आहे : 'कात टाकली. सगळं ठीक. पाणी बदललं.' शुद्धलेखनाची एकही चूक नाही.